मिठाची बरणी

घरातला गॅस नऊ दिवस पेटला नव्हता. चहासुद्धा हॉस्पिटलसमोरच्या हॉटेलातून यायचा आणि दोन्ही वेळचं जेवणही तिथंच व्हायचं, ज्याला जशी सवड मिळेल तसं. आज पहिल्यांदाच सगळे एका टेबलाशी बसले होते, कारण ताई आईला न्यायला आली होती.

आईला हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. पण खुर्चीत बसताना तिचा पाय टेबलाखालच्या बॅगेला लागला. तिनं चप्पल काढून अंगठ्यानं चाचपलं. बंद तुटलेला, त्याला गाठ मारलेली. म्हणजे आपलीच बॅग. सकाळी सूनबाईनं, चिमीच्या आईनं, ‘कपड्यांना जरा ऊन दाखवते’ म्हणून कपाट उघडलं होतं, ते यासाठी. आईनं चप्पल पुन्हा घातली.

तिच्या हातात कुणीतरी मेनूकार्ड दिलं. सगळे वाचतात तसं तिनंही ते डोळ्यांसमोर धरलं. धाकट्या मुलानं ते तिच्या हातातून घेतलं, उलटं होतं ते सुलटं केलं आणि परत दिलं.

“काय घेतेस आई?” त्यानं विचारलं. धाकटा एका मोठ्या हॉटेलात आचारी होता. पाचशे माणसांचं जेवण सहज रांधायचा, पण आईच्या हातचं खायला महिन्यातून एकदा न चुकता यायचा.

“तुम्ही घ्याल ते. मला काय, चार घास.”

वाढपी म्हातारा होता. नऊ दिवसांत त्याला या घरातल्या माणसांचे चेहरे पाठ झाले होते. आज सगळे एकत्र दिसले म्हणून त्याला बरंही वाटलं असावं. तो आईकडं वाकून आपुलकीनं म्हणाला, “आजी, आज सूप फार छान झालंय बघा. गरमागरम देऊ?”

थोरल्यानं मेनूकार्ड मिटून ठेवलं.

“सूप नको,” थोरला म्हणाला. “भात आणा. भाजी आणा कुठलीही. सूप नको.”

वाढपी ‘बरं’ म्हणून गेला. तो आत दिसेनासा होईपर्यंत थोरला त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी साडेबाराला चिमी शाळेतून घरी आली, तेव्हा आईनं तिच्यासाठी भाज्यांचं सूपच केलं होतं. गाजर, कोबी, बटाटा. वरून चमचाभर मीठ. थोरल्याची ही मुलगी सात वर्षांची. तिला परत शाळेत पळायचं होतं, म्हणून तिनं उभ्या उभ्याच वाटी तोंडाला लावली. “आजी, झोंबतंय,” ती म्हणाली. “गरम आहे गं राणी,” आई म्हणाली, “फुंकर घाल आणि पी. दोनच घोट राहिलेत.” आजीचा शब्द म्हणून चिमीनं आणखी दोन घोट घेतले. मग तिनं जी किंकाळी फोडली ती तळमजल्यावरच्या शिंप्यानं ऐकली, आणि तोच तिला खांद्यावर टाकून हॉस्पिटलात घेऊन आला. आईनं मीठ म्हणून घातलं होतं ते मोरीचा तुंबलेला पाइप मोकळा करायची पावडर होती.

आज सकाळी मोठ्या डॉक्टरांनी थोरल्याला आणि त्याच्या बायकोला खोलीत बोलावून सांगितलं होतं की अन्ननलिका आतून भाजलीय, जखम भरताना ती आकसत जाणार. पुढं किती ऑपरेशनं लागतील, सांगता येत नाही. तोंडानं पुन्हा कधी खाईल, तेही आत्ता विचारू नका. नाकातून नळी घातलीय, तिच्यावरच भागवायचं. नंतर नळी थेट पोटात.

“आई,” थोरला म्हणाला, “आजपासून तू ताईकडं राहायचंस.”

“बरं.” आईनं मेनूकार्ड खाली ठेवलं. “आणि चिमी घरी आली की?”

“चिमी घरी आली तरी ताईकडंच.”

ताई या दोघांहून मोठी. कपडे शिवून तिनं आपला संसार ओढला होता, नवरा असताना आणि नसतानाही. ती म्हणाली, “नेते मी. आई आहे, टाकून थोडीच देणार? पण एक आत्ताच सांगते, मागाहून बोलाबोली नको. माझ्या घरात तिनं ओट्याला हात लावायचा नाही. चहाचं आधणही ठेवायचं नाही. मी वाढीन ते खायचं आणि बसायचं.”

“ताई, तिला काय कोंडून घालतेस का?” धाकटा म्हणाला.

“मग तू ने ना! नेतोस? पहाटे जातोस आणि रात्री येतोस. तिला काय तुझ्या हॉटेलात कोपऱ्यातल्या टेबलावर बसवून ठेवशील? बोलायला काय जातंय. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.”

 धाकटा मिठाची कुपी बोटांत फिरवत राहिला. मग ते लक्षात येऊन त्यानं ती पटकन टेबलाच्या कडेला सारली.

थोरला पुढं झुकला. तो लांब पल्ल्याची बस चालवायचा. समोरच्या काचेबाहेर टक लावून बघायची त्याला सवय होती आणि आईकडंही तो तसाच बघत होता.

“किती दिवसांपासून दिसत नाहीये तुला?”

“दिसतं रे. थोडं धूसर दिसतं, एवढंच.”

“माझ्याकडं बघ. ही किती बोटं आहेत?”

“दादा, सोड,” धाकटा म्हणाला.

“तू गप्प बस. आई, किती बोटं?”

आईनं मान किंचित तिरकी केली, कोंबडी करते तशी. बाजूच्या कोपऱ्यातून तिला कधी कधी काहीबाही दिसायचं. “तीन,” ती म्हणाली.

थोरल्यानं मिटलेली मूठ वर धरलेली होती. ती त्यानं हळूच खाली घेतली आणि टेबलावर ठेवली.

सूनबाई त्या मुठीकडं बघत होती. तिला आठवत होती ती दहा महिन्यांपूर्वीची सकाळ. सासूबाई कपात चहा ओतत होत्या आणि त्यांनी कपाच्या आत तर्जनी धरली होती. चहा बोटाला लागला तसं त्यांनी ओतणं थांबवलं. कढत चहा, पण तोंडातून ‘स्’ नाही. तेव्हाच तिला कळलं. ती म्हणाली होती, “आई, आजच्या आज डॉक्टरांकडं जाऊ.” सासूबाई म्हणाल्या, “जाऊन आले. एकटीच गेले होते. गेलं ते परत येत नाही म्हणाले.” आणि मग तिचं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, “ह्याला सांगू नकोस. हा मला ओट्यापाशी उभी राहू द्यायचा नाही. मग मी दिवसभर करू काय? भिंती चाटू?”

सूनबाईनं सांगितलं नाही. तिला दया आली, हे खरं होतं. पण त्याच महिन्यात पोस्टात तिच्याकडं पार्सल विभाग आला होता, हेही तितकंच खरं होतं. सकाळी आठला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत. परत आल्यावर ताट वाढलेलं असायचं. सासूबाई ओट्यापासून दूर झाल्या असत्या तर तिथं कोण उभं राहिलं असतं, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. भातात खडा लागला तर ती तो जिभेनं बाजूला करून गुपचूप रुमालात घ्यायची. भाजी खारट झाली तर नवऱ्याच्या आधी म्हणायची, “आज मीच घातलं मीठ, हात चुकला.” पार्सलांना लावायचे रुंद लाल रबर तिनं ऑफिसातून आणले आणि बरण्यांना चढवले. मिठाला एक, साखरेला दोन. दोघींचं छान जमलं होतं. स्वयंपाकघरात दोघी हसायच्याही.

त्या बुधवारी संध्याकाळी मोरी तुंबली. पावडरीचा पुडा फाटला होता, म्हणून उरलेली पावडर तिनं मागं पडलेल्या एका जुन्या बरणीत ओतली. मिठाचीच जुनी बरणी, झाकणाला चीर गेलेली. सकाळी ती खाली मोरीपाशी ठेवू म्हणून ओट्यावर राहिली. सकाळी ऑफिसातून फोन आला, पार्सलची गाडी लवकर आलीय, निघा. ती निघाली. बरणीवरचा रबर तसाच होता.

“मला एक विचारायचंय,” धाकटा म्हणाला. “मी तिसऱ्या दिवशी घरी गेलो होतो, आवरायला.”

सूनबाईनं पाण्याचा पेला उचलला.

“मी आचारी माणूस. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेलो की आधी काय कुठं ठेवलंय ते बघतो. मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेला दोन. चला, म्हटलं, आईनं हातानं ओळखता यावं म्हणून युक्ती केलीय. पण पावडरीच्या बरणीलाही एक रबर. आणि ती ओट्यावर, मिठाच्या शेजारी. ती तिथं कुणी ठेवली?”

 शेजारच्या टेबलावर एक माणूस फोनवर मोठ्यानं कुणाला तरी वॉर्डाचा नंबर सांगत होता.

“मी ठेवली,” आई म्हणाली.

“पावडर बरणीत कुणी भरली?”

“मीच. पुडा फाटला होता.”

“आणि रबर?”

“अरे, मीच लावले सगळे. दुसरं कोण लावणार? घरात दिवसभर असतं कोण?”

हे बोलताना आईचा चेहरा सूनबाईकडं वळला होता. त्या डोळ्यांना ती दिसत नव्हती, तरीही तो चेहरा नेमका तिच्याकडंच होता. सूनबाईनं तोंड उघडलं. ‘मी’ एवढा एक शब्द तिच्या ओठांवर आला होता, आणि तेवढ्यात म्हातारा वाढपी ताटं घेऊन आला. त्यानं भात ठेवला, भाजी ठेवली, ‘अजून काही?’ विचारलं. तो गेला तेव्हा सगळे सूनबाईकडं बघत होते, कारण थोरला तिला म्हणत होता, “ऐकलंस? स्वतःच्या हातानं भरून ठेवली. ऐकलंस ना?”

“जेवून घ्या आधी,” सूनबाई म्हणाली. “गार होतंय.”

धाकट्यानं वहिनीकडं पाहिलं. तसले रुंद लाल रबर आईला बाजारात कुठं मिळणार, हा प्रश्न त्याला घरी त्या बरण्या हातात घेतल्यापासून पडला होता. आता वहिनी ताटाकडं मान घालून भात कालवत होती आणि एकही घास उचलत नव्हती. त्याला उत्तर मिळालं. त्यानं आईचा हात धरला. “आई, खरं सांग,” तो हळू म्हणाला. आईनं त्याचा हात एकदा दाबला आणि मान हलवली. नाही म्हणून. चिमीला उद्यापासून तिची आईच लागणार होती, नळीतून भरवायला, दिवसातून आठ वेळा. तेवढं त्यालाही समजत होतं. मग तोही जेवायला लागला. आयुष्यभर इतकी ताटं वाढली त्यानं, पण इतका कडू घास त्याच्या तोंडात कधी गेला नव्हता.

“मी चिमीचं कँटीन बंद केलं,” थोरला अचानक म्हणाला. तो कुणाशी बोलत होता ते कळत नव्हतं. “दोन महिने झाले. शाळेत जेवायची ती, मजेत जेवायची. मीच बंद केलं. वीस वर्षं रस्त्यावरच्या टपऱ्यांवर खातोय मी. जे पुढं येईल ते, शिळं, तेलकट. म्हटलं, माझं जाऊ दे, पोरीच्या पोटात तरी घरचं जाऊ दे. शाळेत भांडलो मी त्यासाठी. दुपारी तिला घरी सोडायचं म्हणून अर्ज लिहून दिला. माझ्या हातानं.”

“असं मनाला लावून घेऊ नकोस,” ताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता.

“मग काय लावून घेऊ?” तो म्हणाला आणि त्यानं ताट पुढं ढकललं.

जेवण कसंबसं उरकलं. ताईनं बॅग उचलली. आई उठली, टेबलाच्या कडेला हात लावून उभी राहिली.

“जाता जाता एकदा चिमीपाशी जाऊन येते,” ती म्हणाली.

“नाही.”

“लांबून. दारातूनच.”

“तुझा आवाज ऐकला की ती जागी होईल.”

“मी बोलायची नाही. मला काही दिसायचंही नाही रे. नुसता तिचा श्वास ऐकते आणि निघते.”

“आई, नाही म्हटलं ना.”

आईनं सूनबाईच्या दिशेनं मान वळवली. तिनं एक शब्द टाकला असता तर थोरल्यानं ऐकलं असतं. नऊ दिवसांत तो फक्त तिचंच ऐकत होता. सूनबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती. बराच वेळ शोधत होती.

ताईनं टॅक्सीचं दार उघडलं. आत बसताना आईचं डोकं वरच्या कडेला आपटलं. “लागलं का?” धाकट्यानं विचारलं. “नाही, नाही,” ती म्हणाली. धाकटाही पुढं बसला, पोचवून येतो म्हणून.

वॉर्डात चिमी झोपली होती. नाकातली नळी गालावर चिकटपट्टीनं बसवलेली. परिचारिका सूनबाईला शिकवत होती. सिरिंज उभी धरायची, द्रव आपोआप उतरू द्यायचा, दाबायचा नाही. उतरल्यावर पाणी घालून नळी धुवायची. “घरी गेलात की हे सगळं तुम्हालाच करायचंय. भाज्या मऊ शिजवायच्या, वाटायच्या, दोनदा गाळायच्या. कण राहता कामा नये. बाहेरचं काही चालणार नाही, कशात काय मिसळलेलं असतं कुणाला माहीत. घरी अजून कोण असतं तुमच्या?”

“कुणी नाही,” थोरला म्हणाला. “पण ही आहे. हिचा हात चुकायचा नाही. माझा भरवसा आहे हिच्यावर.”

परिचारिका पुढच्या खाटेकडं गेली. सूनबाई हातातल्या रिकाम्या सिरिंजकडं बघत उभी होती.

“अहो,” ती म्हणाली, “जरा बाहेर या.”

व्हरांड्यात तिनं सगळं सांगितलं. कपातलं बोट, रबर, फाटलेला पुडा, सकाळचा फोन. रडली नाही. आपण रडलो तर तो समजूत काढेल आणि ते आपल्याला सहन होणार नाही, असं तिला वाटलं.



“दहा महिने,” थोरला म्हणाला.

“हो.”

“मी घरी आलो की म्हणायचो, आईच्या हातची चव कुठं नाही. तू समोर बसलेली असायचीस.”

“हो.”

“आणि आत्ता? त्या टेबलाशी? ती बोलत होती तेव्हा?”

 थोरला जिन्याकडं गेला. आधी चालत, मग तिला पायऱ्यांवर धावण्याचा आवाज आला. ती खिडकीशी गेली. खाली तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. दोन गाड्या त्याला वळसा घालून गेल्या, एकानं शिवी हासडली. टॅक्सी कधीच गेली होती. त्यानं खिशातून फोन काढला, कानाला लावायला वर नेला आणि तसाच पुन्हा खिशात घातला. आईला काय म्हणणार होता तो? ये म्हणून? आणि आली तर तिला कुठं बसवणार होता?

तो परत आला तो अर्ध्या तासानं. खाटेच्या पलीकडं स्टुल ओढून बसला. तिच्याकडं त्यानं पाहिलं नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत ते दोघं बहुतेक असेच बसणार होते, मधे मुलगी आणि दोन बाजूंना दोघं, पण त्या दिवशी ते त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी सूनबाईला वाटत होतं, तो ओरडेल, मारेलसुद्धा, आणि मग काहीतरी संपेल.

“तीनची वेळ झाली,” परिचारिका म्हणाली आणि पेला ठेवून गेली.

सूनबाईनं नळीला सिरिंज जोडली, उभी धरली आणि ओतायला सुरुवात केली. फिकट नारिंगी द्रव अगदी सावकाश खाली सरकत होता. त्याला वास नव्हता. 

चिमीनं डोळे उघडले. नऊ दिवस ती नुसती मान हलवत होती. तिनं सिरिंजकडं पाहिलं, मग आपल्या आईकडं. तिचे ओठ हलले. आवाज कागद फाटल्यासारखा आला.

“आजीनं केलंय?”

सूनबाईनं पलीकडं पाहिलं. थोरला मुलीकडं बघत होता. 

“हो,” सूनबाई म्हणाली.

चिमीनं डोळे मिटले. घास घेतल्यासारखा तिचा गळा हलला, आणि दुखून तिचा चेहरा आक्रसला. गिळायला तोंडात काहीच नव्हतं.